‘वाचून दाखविले’च्या खाली माझी सही

गुरुवारची दत्ताची आरती मी वर्षानुवर्षं चुकवली नाही. लोक मला भाविक म्हणतात आणि मी ऐकून घेतो. पण त्याच आरतीच्या पायी माझ्या हातून जे घडलं, ते दोन माणसांखेरीज कुणाला ठाऊक नाही. त्यातले एक आता राहिले नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

साठच्या दशकात मी अंधेरीला एका वकिलांकडे कारकून होतो. साहेब मोठे लोभस गृहस्थ. त्यांच्या पत्नी सकाळच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून दोन्ही मुलींच्या वेण्या साहेबच घालत. एक वेणी वर, एक खाली. मुली कुरकुरत आणि तशाच शाळेत जात. डबा एकट्याने कधी खाल्ला नाही. समोर पक्षकार असेल त्याच्यापुढे अर्धी पोळी सरकवायचे. वेसाव्याची एक म्हातारी कोळीण फी ऐवजी सुके बोंबील आणून द्यायची. घर शाकाहारी, तरी ते दोन्ही हातांनी घेत आणि शेजारी पोचवत. परत केलं तर तिला वाईट वाटेल, म्हणत.

तिच्याच घराचा दावा होता. जागामालकाला तिचं घर आणि मासळी वाळवायचं अंगण मोकळं करून हवं होतं. साहेबांचा नियम असा, की अंगठा घेण्याआधी कागद पक्षकाराला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. त्या गुरुवारी ते बाहेर होते, काम माझ्यावर होतं, आणि मला आरती गाठून पालखीला खांदा द्यायचा होता. तिचं प्रतिज्ञापत्र न वाचताच मी तिचा अंगठा घेतला आणि खाली ‘वाचून दाखविले’ लिहून सही ठोकली. टायपिंगमध्ये तिच्या राहण्याची पन्नास वर्षं पंधरा झाली होती. वाचलं असतं तर तिनेच सांगितलं असतं.

कोर्टात तिने पन्नास वर्षं सांगितली. समोरच्या वकिलाने कागदावरची पंधरा दाखवून विचारलं, खोटं काय, कागद की तुम्ही? ती म्हणाली, मला कुणी वाचून दाखवलंच नाही. तारीख चार दिवसांनी पडली. तेवढ्यात उलगडा झाला नाही, तर घर पाडायला कोर्टाने दिलेली मनाई उठणार आणि घर पडणार. संध्याकाळी साहेबांनी मला विचारलं, “वाचलं होतंस ना रे?” मी म्हटलं, “हो साहेब. म्हातारी आहे, विसरली असेल.” त्यांनी फाईल बांधून ठेवली.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मंदिरात गेलो. आत पाऊल उचलेना, ओट्यावरच बसलो. शेजारी एक अनोळखी म्हातारा येऊन टेकला. खिशातून गावाकडचं पोस्टकार्ड काढून म्हणाला, जरा वाचून दाखवा. नातू झाल्याची बातमी होती. मी वाचली. त्याने पुन्हा वाचायला लावली, मी पुन्हा वाचली. कार्ड घडी करून खिशात ठेवताना तो म्हणाला, “आपलं काय, वाचणारा सांगेल तेच खरं.” आणि दर्शनाला आत गेला. मी त्याला आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तो कोण होता याचा वाद मी घालत नाही. मी दर्शन न घेताच घरी परतलो, एवढं खरं.

सकाळी साहेबांच्या घरी गेलो. ते धाकटीची वेणी घालत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी वेणी पुरी केली, रिबीन बांधली, तिला आत पाठवलं आणि म्हणाले, “चार दिवस मी त्या बाईला खोटी समजत होतो रे.” रागाचा शब्द एवढाच. पुढे म्हणाले, “जेवून घे. अकराला पुकारा आहे.”

कोर्टात मीच कबूल करायचं असं ठरवून गेलो होतो. पण साहेब उठले आणि म्हणाले, “माझ्या ऑफिसात जे होतं, ते मीच केलेलं असतं. कागद वाचला गेला नाही. बाई खरं बोलल्या.” न्यायाधीशांनी त्यांना भरल्या कोर्टात सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत होते. मी मागच्या बाकावर होतो. उठलो नाही. वाचलो, असंच वाटलं मला, आणि तेच इतकी वर्षं सलत राहिलं. नवा कागद झाला, घर राहिलं. साहेबांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

साहेब गेले तेव्हा तेराव्याला ती म्हातारी आली होती. काठी टेकत, नातसुनेच्या आधाराने. सगळे साहेबांविषयी बोलत होते. मी तिला गॅलरीत बसवलं आणि सांगितलं, तेव्हा न वाचणारा मी होतो. आणि तुम्ही विसरलात असंही मीच म्हटलं होतं.

 ती हळू म्हणाली, “त्या दिशी कोर्टाच्या पायरीवर वकील माजे पाया पडले. मना वाटलं, म्हातारी बाय हाय म्हणून. तं तुजेसाठी व्हतं तर.”

मी त्या पायरीवर नव्हतो; फायली आवरत होतो. माझ्या वतीने क्षमा त्यांनी तेव्हाच मागून ठेवली होती आणि मी मात्र ओझं वाहत राहिलो, जणू ते माझ्या एकट्याचं होतं. आता गुरुवारी देवापुढे उभा राहतो तेव्हा काही मागत नाही. डोकं टेकवतो आणि थोडा वेळ तसाच राहतो.