एकदाच विचारायचं

बी.ए. झाल्यावर बरेच दिवस मी हुपरीतच होते. आमच्या घरी पैंजणाचं काम चालतं. वडील कड्या जोडतात, आई आणि मी घुंगरं लावायचो. घरातली पहिली पदवी माझी. वडिलांनी ती चौकटीत घालून भिंतीवर लावली होती आणि तिच्याखालीच बसून मी घुंगरं लावत होते. त्याचं दुःख नव्हतं, पण पुढं काय करायचं ते कळत नव्हतं. अशात कॉलेजच्या फळ्यावर सरकारी कौशल्य प्रशिक्षणाची सूचना दिसली. हॉटेलातल्या कामाचं शिक्षण, तेही फुकट, शेवटी परीक्षा आणि पास होणाऱ्यांना नोकरीसाठी मुलाखती.

वडील म्हणाले, "हॉटेलात काम करायला शिकायचं काय असतंय?"

मलाही तोच प्रश्न पडला होता. मुख्यतः त्याच्याच उत्तरासाठी मी रोज कोल्हापूरची एसटी धरू लागले.

आमचं केंद्र एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लग्नं लागायची, वर आम्ही शिकायचो. आमच्यात दोन गट होते. माझा गट स्वागतकक्षाचा, दुसरा टेबलावर वाढणाऱ्यांचा. वाढणाऱ्यांना सरावासाठी गिऱ्हाईक लागायचं, तेव्हा आम्हाला खुर्च्यांवर बसवत. भांड्यात नुसतं पाणी असायचं. ते आमटी समजून वाढायचं आणि आम्ही आमटी समजून बघायचं.

वाढणाऱ्यांत एक तिशी ओलांडलेला माणूस होता. गाव गडहिंग्लजकडचं, पण बरीच वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर होता. सगळे त्यांना दादा म्हणायचे. ते मात्र माझ्यासारख्या लहान मुलीलाही अक्का म्हणायचे आणि साधं बोलणंही ओरडून बोलायचे. मागाच्या खडखडाटात तशीच सवय लागते. समोरच्याचं बोलणं ते कानापेक्षा डोळ्यांनी घ्यायचे, आधी तोंडाकडं बघायचे, मग हातांकडं.

एकदा डबा खाताना मी विचारलं, "दादा, मागावरचं काम सोडून इकडं कसं आलात?"

"कान चाललेत," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणाला, गेलंय ते परत येत न्हाय, पण हितनं फुडं मागावर ऱ्हायलास तर उरलंय तेबी जाईल. माझी पोरगी समोर बसून बोलली की समजतंय. पाठमोरी बोलली की न्हाय."

हे सांगून ते शांतपणे पुन्हा भाकरी मोडू लागले. त्यांना हे प्रमाणपत्र कशासाठी हवं आहे, ते मला त्या दिवशी समजलं.

प्रशिक्षक मॅडम बाहेरगावच्या होत्या. त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाला एकदाच विचारायचं. ते नको म्हणालं की मागं सरकायचं.

दादांनी हात वर केला. "मॅडम, एकदा विचारल्यावर व्हय कोण म्हणतंय?"

"ज्याला भूक असेल तो म्हणेल."

"भूक असंल तर तो आधी न्हाय म्हणतोय की."

सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण नियम तोच राहिला. सरावात मी नको म्हणायचे आणि दादांच्या पळीतलं पाणी माझ्या ताटात पडायचंच. शेवटी मी विचारलं, "मला खरंच नको आहे हे तुम्हाला कळतं कसं?"

"तोंड बघायचं न्हाय, अक्का. हात बघायचा. दोन्ही हात ताटावर आडवं आलं की खरं नको. तवर वाढत ऱ्हायचं."

गावच्या जत्रेच्या जेवणाला म्हणे आमटीची बादली त्यांच्याच हातात असायची. उपाशी उठलेला माणूस त्यांच्या पंगतीत सापडायचा नाही.

त्या दिवसापासून मला नादच लागला. खाली पंगत बसली की मी जिन्यात उभी राहून हात बघायचे. एक आजोबा "नको, नको, पुरे" म्हणत होते आणि त्याच वेळी ताट वाढणाऱ्याच्या दिशेनं सरकवत होते. घरी मावशी आली, तिचंही तेच. आई दोनदा विचारून थांबली, तर मावशी संध्याकाळी दुसऱ्या बहिणीला फोनवर सांगत होती, "ताईच्यात आता पहिल्यासारखं ऱ्हायलं न्हाय." एवढं सगळं आम्ही सारे करत आलो होतो आणि माझं त्याच्याकडं कधी लक्षच गेलं नव्हतं.

परीक्षेला परीक्षक बाहेरून आले. हातात टॅब होता. मला त्यांच्या शेजारी दुसरं गिऱ्हाईक म्हणून बसवलं. त्या दिवशी मॅडमनी खालच्या स्वयंपाकघरातून खरी आमटी मागवली होती. दादांनी पाणी नीट उजवीकडून ओतलं, आवाजही आवरून धरला होता. परीक्षकांच्या वाटीतली आमटी संपली, तसे ते पुढं झाले.

"सर, आमटी?"

"नको, थँक्यू," परीक्षक टॅबवरून नजर न काढता म्हणाले. एक हात टॅबवर, दुसरा मांडीवर. वाटी उघडीच. दादांची नजर त्या हातांवर गेली तेव्हाच मला पुढचं कळलं.

"घ्या की सर, जरा. अर्धपोटी उठू नका."

आणि पळी वाटीत रिकामी झाली.

परीक्षकांनी मान वर केली. मॅडमनी डोळे मिटले. परीक्षकांनी टॅबवर काहीतरी टिपलं. आमटी मात्र त्यांनी शेवटपर्यंत खाल्ली.

निकालात दादा नापास झाले. फेरपरीक्षा होती, पण तोवर घर चालायला हवं म्हणून ते पुन्हा मागावर गेले. मला महामार्गावरच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात नोकरी लागली. सुट्टीच्या दिवशी ते सरावाला केंद्रावर यायचे आणि मी गिऱ्हाईक व्हायला जायचे. त्यांचा आवाज पुन्हा चढला होता. मॅडम म्हणाल्या, "विचारून झालं की पळी भांड्यात ठेवा आणि हात पाठीमागं बांधा."

"हे झ्याक हाय," दादा म्हणाले. "हातच न्हाईत तर वाढणार कशानं?"

तसं करत ते पास झाले आणि आमच्याच हॉटेलात लागले. अजून कच्चेच होते, कायम करायचं की नाही ते कॅप्टन ठरवणार होता. कॅप्टन म्हणजे वाढणाऱ्यांचा प्रमुख. तो दिवसभर खांबाजवळ उभा राहून सगळ्यांकडं बघायचा.

अशात एका दुपारी मी वडिलांना जेवायला घेऊन आले. त्यांनी अख्खा मसूर मागवला. वाढायला दादा होते.

"मामा, मसूर?"

"नको, बास झालं," वडील म्हणाले. पहिल्या विचारण्याला ते दुसरं काय म्हणणार? ताटात अर्धी भाकरी कोरडी पडली होती. दादांनी हात पाठीमागं बांधले. वडील थांबले. दादाही थांबले. वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मी कॅप्टनकडं बघितलं. तो आमच्याकडंच बघत होता.

दादा आत गेले आणि मसुराची वाटी घेऊन आले. काहीही न विचारता ती त्यांनी वडिलांच्या उजव्या हाताशी ठेवली, चमचा त्यांच्याकडं वळवला, "हितं ऱ्हाऊ दे" म्हणाले आणि पाठ फिरवून शेजारचं टेबल पुसू लागले. त्यांची पाठ वळल्यावर वडिलांनी अख्खी वाटी ताटात घेतली.

कॅप्टन चालत आला आणि दादांच्या पाठीमागं उभा राहिला. हॉलमध्ये गिऱ्हाइकं होती, म्हणून तो हळूच म्हणाला, "दुसऱ्यांदा विचारलंस?"

"न्हाय सर. एकदाच," दादा म्हणाले आणि टेबल पुसत राहिले. कॅप्टन पुढं गेला.

"पोरगं बरं हाय," वडील भाकरी मोडत म्हणाले, "पण विचारतंय एकदाच."

मी मात्र दादांकडं बघत होते. प्रश्न पाठीमागून आला होता, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, आणि उत्तर देताना त्यांनी वळून कुणाच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं.