हत्तीछाप पायजमा

आमच्या यिशुन उपनगरातल्या मैदानावर थाई बाजार भरला होता, थाई खेड्यातल्या आठवडी बाजारासारखा. बायको गेल्यानंतरची माझी ती पहिलीच खरेदी. ती घरात घालायची तसला हत्तीछाप पायजमा मला हवा होता, कितीलाही.

विकणाऱ्या बाईंनी पंधरा डॉलर सांगितले. पाकीट काढायचं सोडून मी सवयीने म्हणालो, "चल गं, घरी ढीगभर पडलेत," आणि एकटाच चालायला लागलो. घासाघीस करायची तिने आणि वैतागून निघून जायचं मी, अशी आमची वाटणी होती. ती पिशवी घेऊन येईपर्यंत मी मागे वळायचं नाही, हा तिचा कडक नियम.

मागून हाक आली, "अंकल, बारा!"

वळावंसं फार वाटलं, पण पाय ऐकेनात.

"दहा! ओके ला, आठ!"

मी उसाच्या रसाच्या दुकानापाशी पोचलो, तेव्हा बाई पायजमा हातात घेऊन धापा टाकत समोर उभ्या राहिल्या. "पाच! काय कडक माणूस आहात हो! बायकोसाठी ना? माप काय?"

"माझ्याच मापाचा द्या," मी म्हणालो.

बाईंनी माझ्या पोटाकडे नीट पाहिलं. "मग सात."

मी मुकाट्याने दिले.