पाण्याखालचे दोन अंगठे

हसायचं असेल तर आताच हसून घ्या, म्हणजे पुढचं सांगताना मला लाज कमी वाटेल. नागपूरचा माणूस समुद्राच्या पोटात उतरतो, हीच मुळात गंमत. त्यात तो माणूस मी.

मी नरखेडकडचा. संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत पोहायला शिकलो, म्हणून पाण्यातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज. माझी बायको नंदा शाळेत भूगोल शिकवते. तिला पोहता येत नव्हतं. बावन्नाव्या वर्षी तिनं क्लास लावला, वर्षभर सकाळी उठून तरणतलावावर गेली, आणि यंदा दिवाळीच्या सुट्टीत मला लक्षद्वीपला घेऊन गेली. तिथं चार दिवसांत तिनं स्कूबाचा कोर्स पुरा केला. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, आणि खाली.

"आजवर पोरांले नकाशावर समुद्र दाखवला," ती म्हणाली. "एकदा आतून पाहू द्या मले."

पाचव्या दिवशी तिच्यासोबत मीही बोटीत. आम्हाला नेणारे रशीदभाई त्याच बेटावरचे, पिकल्या दाढीचे, शांत. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून ते हिंदीत हाताच्या खुणा समजावून सांगत होते. नेमकं तेव्हाच लांबवर पाण्यातून कारंजं उडालं. मग दुसरं. देवमासे! काळ्याभोर पाठी सावकाश वर आल्या आणि सावकाश खाली गेल्या. एवढं मोठं जनावर, पण कसली घाई नाही. मी बघतच राहिलो.

"अहो, इकडं पाहा," नंदा म्हणाली. "खुणा सांगून राहिले ते."

"खुणांत काय शिकाचं राहते वं? समजते मले."

आता काय सांगू, खाली काय होतं ते! निळ्या उजेडात पोवळ्यांचे डोंगर, आणि त्यावरून चार-पाच शार्क फिरत होते, पंखांची टोकं काजळात बुडवल्यासारखी. पहिल्या क्षणी माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. मग लक्षात आलं, त्यांना माझ्यात काडीचाही रस नाही. नंदा त्यांच्यापासून थोड्या अंतरावर अशी स्थिर तरंगत होती, जणू वर्गात पोरं पेपर सोडवताहेत आणि ही लक्ष ठेवून आहे.

मी कोर्स केलेला नव्हता, म्हणून माझा दंड धरून असलेल्या रशीदभाईंनी अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. मला वाटलं, विचारताहेत, कसं वाटलं? मी अंगठा वर केला. एकदम मस्त.

त्यांनी मला हळूहळू वर आणलं.

"कोई तकलीफ?"

"नहीं नहीं, बहुत बढ़िया."

त्यांनी माझ्याकडं जरा बारकाईनं पाहिलं. मला वाटलं, नव्या माणसाला दम खायला आणत असतील. चांगली पद्धत आहे. आम्ही पुन्हा खाली गेलो.

थोड्या वेळानं नंदा समोर आली. तिच्या एका हातात छोटा कॅमेरा होता आणि दुसऱ्या हातानं ती काहीतरी खुणावत होती. डोळे मोठे झालेले. बिचारी माझ्या काळजीत दिसते, असं मला वाटलं. मी दोन्ही अंगठे वर केले. ती जास्तच हात हलवायला लागली, तसे मी अंगठे आणखी उंच केले.

रशीदभाईंनी मला तडक वर नेलं. बोटीत आडवं करून तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. पाहुणचार म्हणावा तर असा! बोटवाल्यानं काळजीनं विचारलं, कैसा लग रहा है? मी त्यालाही अंगठा दाखवला.

शेवटी रशीदभाईंनी माझी मूठ आपल्या हातात घेतली. "भाईसाब, पानी में इसका मतलब है, मुझे ऊपर ले चलो. आपने दोनों हाथ से बोला."

ना रागावले, ना हसले. मला मात्र त्या मास्कमागं लपायला बरं वाटलं.

दुसऱ्या डायव्हरसोबत खाली राहिलेली नंदा अर्ध्या तासानं वर आली. मास्क काढला, तर डोळे भरलेले.

"काहून वं? काय झालं?"

तिनं कॅमेरा माझ्या हातात दिला. पडद्यावर मी होतो, दोन्ही अंगठे वर. आणि माझ्या पाठीमागून, एसटीच्या बसएवढा, अंगभर पांढरे ठिपके असलेला व्हेल शार्क सावकाश जात होता. शार्कांत सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात गरीब.

"मी बोट दाखवून राहिली होती, मागं पाहा म्हणून," नंदा म्हणाली. "अन् तुम्ही मले अंगठा दाखवून राहिले."

रशीदभाईंनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. नंदाकडं बघून म्हणाले, "मॅडम, कैमरेवाला हाथ ज़रा भी नहीं हिला आपका." त्यांच्या बोलण्यात जो आदर होता, तो मला आजवर कुणाकडून मिळालेला नाही.

आता आमच्या कॉलनीत जो येतो तो व्हिडिओ बघतो आणि नंदाला विचारतो, मॅडम, मासा नेमका किती मोठा होता हो?

"पुरा आलाच नाही ना त्यात," नंदा सांगते. "मधात हे होते."