मडक्यातला पेनड्राइव्ह

मी चौथीपर्यंत शिकलो. पण आमच्या गावच्या बियाण्याची वही माझ्याच हातची. कोणाच्या घरची ज्वारी, कधी पेरली, कशी उगवली, सगळं तिच्यात. एक वही वाळवीनं खाल्ली, तेव्हा सुनेनं उरलेलं सारं कॉम्प्युटरवर चढवलं. ती घरी बसून सर्व्हर सांभाळायची नोकरी करते. वही आता दूर कुठल्यातरी सर्व्हरवर असते, आपण घरून आत जायचं.

आधी पासवर्ड होता. मी आमच्या बैलाचं नाव ठेवलेलं. बैल साऱ्या गावाला माहीत. एक दिवस कोणीतरी आत शिरून दोन पानं पुसली. सुनेनं ती जुन्या प्रतीवरून परत आणली, अन् पासवर्डच बंद केला.

मग पासवर्डाऐवजी तिनं माझ्याकडून कॉम्प्युटरची किल्ली करवली. हुकूम मीच टाइप केला, एका बोटानं. दोन फायली तयार झाल्या.

"ही पब्लिक, म्हणजे कुलूप, ही सर्व्हरवर जाते. कोणी पाहिली तरी चालते," ती म्हणाली. "दुसरी प्रायव्हेट, हीच खरी किल्ली. ती या कॉम्प्युटरच्या बाहेर न्यायची नाही, मामाजी. अन् तिच्यावर एक गुप्त शब्द लावा, म्हणजे चोरली तरी कोणाला वापरता येणार नाही."

"नाही लावत. विसरीन," म्हणून मी एंटर दाबला.

आता आमच्यात बियाणं एका घरात ठेवत नाहीत. अर्धं आपल्या घरी, अर्धं सोबत्याच्या. आग लागली, उंदीर लागले, तरी एका घरचं वाचतं. उद्या मी मेलो तर वही कोण उघडणार? सून मलकापूरला गेली त्या दिवशी मी दोन्ही फायली पेनड्राइव्हवर घेतल्या अन् शेजारच्या सोबत्याला दिल्या. त्यानं तो पेनड्राइव्ह तुरीच्या बियाण्याच्या मडक्यात, राखेत ठेवला.

सून परतल्यावर चहा पिताना मी हे ऐटीत सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"तो ज्याच्या हाती पडला, तो तुमच्या नावानं आत शिरतो. परत आणा."

"त्याच्या घरी माझं बियाणं असतं. अन् हे मागून घेऊ?"

"मग ही किल्ली मी सर्व्हरवरून काढून टाकते."

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सोबत्याकडे गेलो. विषय काढायची देर, तो भडकला.

"काऊन बे, भरोसा नाही राह्यला?"

"भरोसा आहे म्हणून तर आलो. तुई किल्ली तू कर, माही माह्याजवळ राहू दे. वही दोघांले उघडली पाह्यजे."

"मले येते का ते?"

"मले आलं, तुले काऊन नाही येणार?"

त्याला घरी आणून बसवलं. मला एक बोट लागलं होतं, त्यानं आपल्या मोबाइलवर दोन्ही अंगठे लावले. सुनेनं त्याची पब्लिक फाइल सर्व्हरवर चढवली अन् माझी जुनी काढली. मी नवी केली. या वेळी शब्दही लावला. चुकलो असं काही मी म्हटलं नाही.

पेनड्राइव्ह अजून त्याच्या मडक्यात आहे. त्यातल्या किल्लीनं आता काहीच उघडत नाही. मी तो परत मागितला नाही.