हॅलोला जवाब

गोरक्षशेठांच्या दुकानात टेलिफोन आला तो छत्तीस सालच्या दिवाळीनंतर, आणि इसाकला तो पहिल्या दिवसापासून खपला नाही. भांडीबाजारातल्या त्या दुकानाची राखण तो वीस वर्षं करत होता. कमरेच्या किल्ल्या त्याने शेठच्या सख्ख्या मेहुण्याच्याही हाती कधी दिल्या नव्हत्या. दाराशी आलेला माणूस त्याला नुसत्या चालीवरून कळायचा. आता भिंतीवरच्या या डब्यातून कोणीही आत शिरणार, ना त्याचे पाय दिसणार ना डोळे. संशय घ्यायला तरी काही दिसायला नको का?

त्यातून तो शब्द, हॅलो.

"म्हणजे काय हो, दिवाणजी?" त्याने सावळीरामला विचारलं. दुकानात इंग्रजी येणारा तेवढा एकच.

"तसा अर्थ काही नाही, इसाकभाई. मी इथं आहे, तुम्ही आहात का, एवढंच."

"मग जवाब काय द्यायचा?"

"आपणही हॅलोच म्हणायचं."

"आधी कोणी म्हणायचं? लहानानं की मोठ्यानं?"

"कुणीही म्हणावं. त्यात लहानमोठं काही नसतं."

इसाकला हे अजिबात पटलं नाही. सलामाचं कसं, सगळं रोखठोक. एकाने सलाम केला की दुसऱ्याने जवाब दिलाच पाहिजे, मग समोर वैरी का असेना. भांडणातही आधी सलाम करणारा मोठा ठरतो, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. ऐकत आला होता, पण स्वतः करायची वेळ आली तेव्हा बिचाऱ्याची मान ताठ झाली.

धाकट्या भावाशी, निसारशी, त्याचा सहा वर्षं अबोला होता. आई गेली तेव्हा निसार मुंबईहून येईपर्यंत इसाकने माती थांबवली नाही. उन्हाळ्याचे दिवस होते, चार माणसंही घाई करत होती. निसार पोचला तेव्हा कबरीवर पाणी शिंपडून झालं होतं. "आईचं तोंडसुद्धा दाखवलं नाहीस," एवढंच बोलून तो आल्या पावली परत गेला. तासभर थांबता आलं असतं, हे इसाकला ठाऊक होतं. जेवताना आठवलं की घास फिरायचा. पण थोरल्याने आधी वाकायचं कसं?

एका दुपारी शेठ जेवायला गेले होते, दिवाणजी पोस्टात. टेलिफोन खणखणू लागला. इसाकने नाइलाजाने तो कानाला लावला.

"मुंबईचा ट्रंक कॉल आहे, बोला," एक्स्चेंजचा माणूस म्हणाला.

मग दोनदा घसा खाकरल्याचा आवाज आला. पाठोपाठ, "हॅलो."

इसाकने ओळखलं. तोंड उघडण्याआधी दोनदा खाकरायची निसारची लहानपणापासूनची खोड होती. पण लगेच मनात पाल चुकचुकली. सहा वर्षं गप्प बसलेला आजच का बोलतोय? दुकानात मी एकटा असल्याची खबर याला कुणी दिली? काहीतरी हवं असणार. नाहीतर मला आधी सलाम करायला लावायचा डाव असणार.

"हॅलो," तो जपून म्हणाला.

"हॅलो..."

"हॅलो."

तिकडचाही समोरच्याच्या सलामाची वाट पाहत होता. सोयीचा शब्द होता खरा, कुणालाच वाकावं लागत नव्हतं. दोघे भाऊ एकमेकांना तेच ते म्हणत राहिले. तिकडचा आवाज हळूहळू ओला होत गेला. इसाकला ते कळत होतं, तरी त्याच्या तोंडून सलाम काही निघेना.

"तीन मिनिटं झाली," एक्स्चेंजचा माणूस मध्येच म्हणाला आणि खट् झालं.

तेव्हा कुठे इसाकचं तोंड उघडलं. "अस्सलामु अलैकुम, निसार. माझं चुकलं रे." तो कान देऊन उभा राहिला. आत नुसती घरघर होती.

दिवाणजी दारात येऊन चकित झाले. "कुणाशी बोलताय?"

"निसारशी. सलाम केलाय, जवाब येईना."

सावळीरामने यंत्र कानाला लावून पाहिलं. "तिकडं कुणीच नाही, इसाकभाई. तुमचं बोलणं पोचलंच नाही."

इसाकने डोळे पुसले. कमरेच्या किल्ल्या सोडून त्याने दिवाणजींच्या हातात ठेवल्या.

"शेठना सांगा, मी स्टेशनावर गेलो. तो सलाम मुंबईला पोचवून येतो."