दोघांनी पाहिलेला पक्षी

आमच्या पक्षीमंडळाचा एक नियम आहे. नेहमीच्या पक्ष्यांबद्दल कोणी काही विचारत नाही, पण सहसा न दिसणारा पक्षी एकट्याने पाहिला असेल तर तो धरत नाहीत. फोटो दाखवा, नाहीतर तुमच्यासोबत तो पाहिलेलं दुसरं माणूस आणा. नवरा होता तोवर मला हा नियम फार शहाणपणाचा वाटायचा. तो गेल्यापासून वाटतं, मेल्यांनी तो माझ्यासाठीच काढलाय.

मेलबर्नच्या दक्षिणेला समुद्रापलीकडच्या या बेटावर, लॉन्सेस्टनला, मी हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट म्हणून आले. दोन-तीन वर्षं काढू आणि मेलबर्नला जाऊ असं ठरलं होतं. बाकीच्या मराठी घरांनी तसंच केलं. पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, हातात पडला की मेलबर्नचं ग्लेन वेव्हर्ली नाहीतर वेरिबी. त्यांना निरोपाची जेवणं घालून घालून माझा पुरणपोळीचा हात बसला. यावर कोणी स्थलांतरित पक्ष्यांची उपमा दिली की माझं डोकं फिरतं. पक्षी परत येतात.

आम्ही राहिलो ते टेमर नदीमुळे. शहरापासून थोडं खाली गेलं की दलदल आहे, तिच्यावरून लाकडी पूल काढलाय. ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो आणि त्यावर पक्षी उतरतात. आम्ही दोघं दर रविवारी तिथे भांडायला जायचो. भांडायलाच. मी म्हणायची अमुक पक्षी, तो म्हणायचा, "हट्, चष्मा बदल." मग तिपायीवरच्या दुर्बिणीला आळीपाळीने डोळा लावायचा, घरी येऊन पुस्तक काढायचं, जेवण गार करायचं. सहजासहजी हो म्हणणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. पण एकदा त्याने "बरं, आहे तो" म्हटलं, की जगात कोणाची हिंमत नव्हती नाही म्हणायची.

इकडे चैत्रात पानं गळतात. पाडव्याला गुढी उभी करावी तर समोरचं झाड पिवळं पडलेलं. सकाळी नदीवर धुकं असतं आणि घराघरांतल्या लाकडाच्या शेगड्यांचा धूर त्यात मिसळतो. तारांवर बसणाऱ्या भिंगऱ्या निघून जातात. लहान हिरवे पोपट थवे करून समुद्रापलीकडे मेनलँडला जातात. रविवारी पुलावर मी आणि काळी बदकं.

या वर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मला तो दिसला. मुठीएवढा चिखल्या पक्षी. चार पावलं धावतो, थबकतो, पुन्हा धावतो. छातीवर दोन पट्टे, वरचा काळसर, खालचा विटकरी, दोन्ही पुसट होत आलेले. हा न्यूझीलंडहून उडत येतो, आणि येतो कधी, तर सगळे निघून जातात तेव्हा, हिवाळा काढायला. नदीच्या मुखाशी तो दिसतो, पण इतका आत, शहराजवळ, मी कधी पाहिला नव्हता. मी दुर्बिणीवरून डोळा न काढता हात मागे केला आणि म्हणाले, "अरे, बघ बघ, लवकर!"

हाताला कठडा लागला. मी तिथेच बसून रडले. नवरा गेला तेव्हा आलेल्या माणसांचं चहापाणी बघण्यात माझं रडणं राहूनच गेलं होतं, ते असं त्या चिखल्याने वसूल केलं. फोनवर फोटो काढला, तर चिखलात एक ठिपका आला.

ईस्टरला मुलगी आली. ती मला न्यायलाच आली होती, हे मला विमानतळावरच तिच्या मिठीवरून कळलं. वेरिबीला त्यांनी नवीन घर बांधलंय. खाली माझी खोली, अटॅच्ड बाथरूम, ऊन येणारी खिडकी. "आई, इथे तुझं कोण आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नदी आहे, पक्षी आहेत." तर म्हणाली, "वेरिबीला तर जास्त बर्ड्स आहेत. लोक फ्लाय करून बघायला येतात." ते खरंच आहे. तिथल्या सांडपाण्याच्या तळ्यांवर अर्ध्या जगाचे पक्षी उतरतात. माझा एकुलता एक मुद्दा असा गटारात गेला.

मुलगी गुणाची आहे. आमटी खारट झाली तरी "यम" म्हणाली. तीच गोष्ट मी दुसऱ्यांदा सांगितली तर पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली. आणि मी आपली रोज थोडी थोडी वेरिबीला निघाले होते. कपाटातले स्वेटरसुद्धा मी मनात वेगळे काढले होते.

तिच्या परत जायच्या दिवशी दुपारी मी तिला पुलावर नेलं. नशीब म्हणजे चिखल्या तिथेच होता. मी दुर्बीण लावून दिली. "त्या ओंडक्याच्या डावीकडे बघ. दिसला?"

ती वाकली. "हो, दिसला. सो क्यूट!"

मी नुसत्या डोळ्यांनी तिकडेच बघत होते. ती वाकेपर्यंत तो उडून पाण्यावरून पलीकडे गेला होता.

"पट्टे दिसले?"

"हो गं. दोन. मस्तच."

आता मला साक्षीदार मिळाला होता. मंडळात कोणी शंका घेतली नसती. गप्प बसले असते तर सगळंच गोड झालं असतं, पण मला ते जमलं नाही.

"तो केव्हाच उडालाय," मी म्हटलं.

ती सरळ झाली. चेहरा लाल झाला होता. "सॉरी आई. आय जस्ट वॉन्टेड यू टू बी हॅपी."

"माहितेय मला. म्हणूनच मी येत नाहीये."

मी असं काही बोलेन हे मलाही माहीत नव्हतं. पण एकदा तोंड उघडल्यावर मी थांबले नाही. म्हटलं, "तुझ्या घरी मी सुखात राहीन. सगळे मला हो म्हणतील, मरेपर्यंत. बाबा गेल्यापासून मला कोणी 'हट्' म्हणालेलं नाही, तेच मला सोसत नाहीये गं."

"मग इथे कोण म्हणतंय?" तिचा आवाज चढला.

"इथे कोणीच काही म्हणत नाही. ते परवडलं."

ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. तिने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. ओंडक्यापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून परत, हळूहळू सगळा चिखल तिने पिंजून काढला. विमानाची वेळ होत आली होती. मी तिला चल म्हटलं नाही.

"आई," ती तशीच वाकून म्हणाली, "मला काहीच दिसत नाहीये."

ती आल्यापासून मला बरं वाटावं म्हणून न म्हटलेलं तिचं हे पहिलं वाक्य होतं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मलाही नाही."