चष्म्यावरची पेज

फवाऱ्याने रंग मारणाऱ्याने चष्मा घालू नये, असं आमचा शेठ म्हणायचा. त्याला स्वतःला चष्मा होता. तो घालून तो खुर्चीत बसायचा आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. त्याच्या चष्म्यावर उडून उडून काय उडणार, चहाची वाफ.

मी चौथीसुद्धा पुरी केली नाही. लिहिण्यात चुका निघतील. निघू देत. बायको जाऊन सहा महिने झाले, आणि घरात ज्याच्यावर ओरडावं असं कोणी राहिलं नाही, म्हणून कागदावर ओरडतोय.

पनवेलला मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती. तिथे ट्रक आणि मोटारी रंगायला यायच्या. लग्नानंतर दोन वर्षांनी मी तिथे लागलो. आधी घासकाम, मग खड्डे बुजवायला लांबी भरणं, आणि चार वर्षांनी कुठे हातात गन आली. गन म्हणजे रंगाचा फवारा मारायचं पिस्तूल. मागे कंप्रेसर धडधडतो, पुढे रंगाचं धुकं. आमच्या आळीतले सगळे मिठागरावर. गन धरणारा मी एकटा. ती हातातून गेली असती तर परत डोक्यावर मिठाची पाटी. म्हणून मी त्या गनला जिवापलीकडे जपायचो.

आणि नेमके डोळे गेले. दोन हातांपलीकडचं पुसट दिसायला लागलं. रंगाचा ओघळ सुटला तरी मला कळेना. बाजारात बायको समोरून आली आणि मी तिला ओळख दिली नाही, तेव्हा तिने भर रस्त्यात मला धरलं आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे नेलं. जाड काचा, तपकिरी कचकड्याची फ्रेम. शेडच्या पत्र्याला किती भोकं आहेत ते मला चष्मा लागल्यावर कळलं.

पण रंगाचं धुकं काचेवर बसतं. हिरवा ट्रक असला की दुपारपर्यंत सगळी माणसं हिरवी. मग थिनरचं फडकं घ्यायचं आणि पुसायचं. काच स्वच्छ व्हायची, पण थिनर कचकड्याला खातो. चष्म्याची काडी मऊ पडून तिच्यात माझ्या बोटांचे ठसे उठले. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? चष्मा घालून गन मारणारा दुसरा होताच कोण तिथे?

बायको जेवण घेऊन यायची. एकदा ती आली तेव्हा आम्ही एका मोटारीच्या काचांना खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवत होतो. काचेवर रंग उडू नये म्हणून तसं करतात. ती बघत उभी राहिली. मग मला म्हणाली, "गारीच्या काचंला एवरं जपता, मंग तुमच्या काचंनी काय पाप केलंय?"

मी म्हटलं, माझ्या काचेला कागद लावला तर मी बघू कुठून.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर चष्मा खिडकीत वाळत ठेवलेला. तिने भाताच्या पेजेवरची निवळ बोटाने काचांना लावली होती, आणि मग फडक्याने पुसून इतकी पातळ केली होती की लावलीय हे कळू नये. घातला तर जरा धुरकट, पण दिसत होतं. दिवसभर रंग त्या पेजेवर बसला. संध्याकाळी तिने कोमट पाण्यात चष्मा बुडवला आणि रंग सालीसारखा निघून आला. थिनरचा थेंब लागला नाही.

शेडमध्ये टिंगल झाली. आगऱ्याला तोंडाने पेज पुरत नाही, आता डोळ्यांनी पितो, असं म्हणायचे. म्हणू देत. माझ्या हातून ओघळ येत नव्हता.

मग एक काळी मोटार आली. काळ्या रंगात केसाएवढा दोष दिसतो. तिचा मालक स्वतः उभा राहिला होता. शेठने माझा चष्मा बघितला आणि म्हणाला, काय ते खरकटं फासून आलास, ते म्हणतील माझ्या पेंटरला मोतीबिंदू आहे, धुऊन ये. मी नळावर गेलो आणि धुतला. मुकाट्याने. सांगता आलं असतं, पण मी धुतला.

अर्ध्या तासात काचा काळ्या झाल्या. थिनरने पुसल्या. परत काळ्या, परत पुसल्या. तिसऱ्या वेळी मऊ झालेल्या फ्रेममधून काच निसटली आणि लादीवर फुटली. दारावर वीतभर ओघळ उतरला होता. शेठने गन माझ्या हातातून काढून दुसऱ्याला दिली, आणि त्याच वेळी बायको डबा घेऊन आली. शेठ तिला म्हणाला, तुझा नवरा आंधळा आहे, हे आधी सांगायचंस.

ती घाबरली नाही. म्हणाली, "शेठ, गारी परत रंगवाल. यांचे डोले कुठनं आनाल?"

आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर तिच्यावर खेकसलो. घरी जा, बायकांनी मध्ये बोलू नये, म्हणालो. ती डबा ठेवून गेली. शेडमध्ये ती परत कधी आली नाही.

मला घासकामावर बसवलं. तिने एक हंगाम मिठागरावर पाट्या वाहिल्या आणि दुसरा चष्मा आणला. तिकडे नव्या माणसाच्या हातून ओघळ थांबेनात, म्हणून शेठने मला परत गन दिली. वर म्हणाला, ते तुझं पेजेचं कर बाबा.

पुढे एक गिऱ्हाईक आलं, त्याने चष्म्याचं विचारलं. शेठ छाती काढून म्हणाला, "ही आपली युक्ती. कामगाराची काळजी घ्यावी लागते." मी गन धरून शेजारी उभा होतो.

घरी येऊन तिला सांगितलं. ती भात वाढत होती.

"मंग तुमी काय बोललात?"

"काय नाय. गन गेली असती."

तिने ताटात आमटी घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा खिडकीत वाळत ठेवला. मी तो घालून कामाला गेलो. असा बारा-तेरा वर्षं गेलो. शेडमधल्या पोराटोरांना आजही ती शेठची युक्ती म्हणून ठाऊक आहे.

आता शेठ नाही, गन नाही, ती नाही. पेज तिची होती, हे सांगायला आता माझं काय जातं? जात होतं तेव्हा बोलायला हवं होतं.